गाडी ऑफ आहे

वेनबीत कुणालाही हिल्डा ड्रिंगबद्दल विचारलंत, तर आधी तो तिच्या हातांबद्दल सांगेल. रेल्वेच्या फाटकाचे ते जड लाकडी दरवाजे दिवसातून तीस-चाळीस वेळा ढकलून तिचे हात गड्यासारखे झाले होते. मग सांगेल, की बाई फाटकाशी कुणाला 'ऑफ' हा शब्द उच्चारू द्यायची नाही. चुकून कुणी म्हणालाच, तर "नीट बोल. निघाली म्हणायचंय की रद्द झाली?" असं खेकसायची. नवखा माणूस गोंधळून जायचा. गावातला माणूस मात्र खाली मान घालून गप्प व्हायचा, कारण त्याला ठाऊक असायचं.

आपल्याकडे हा शब्द दिव्याच्या बटणाबरोबर आला आणि फार तर सुट्टीपर्यंत नि बिघडलेल्या मूडपर्यंत पोचला. इंग्रजांच्या त्या सपाट, ओल्या, बटाट्या-बीटाच्या मुलखात त्याच्यावाचून कुणाचं पान हलत नाही. दूध नासलं, ऑफ. माणूस घरातून निघाला, ऑफ. बंदूक उडाली, डुलकी लागली, साहेबानं झाडलं, मालकानं कामावरून काढलं, सगळीकडे हाच शब्द कुठल्यातरी क्रियापदाच्या शेपटाला बांधलेला. आपण हसायचं कारण नाही म्हणा. आपलीही गाडी सुटते, शाळा सुटते, नोकरी सुटते, वारा सुटतो, पोट सुटतं आणि खुनाचा आरोपीसुद्धा सुटतो. पण गाडी सुटली म्हटल्यावर ती यायचीच नाही असं निदान आपण समजत नाही.

हिल्डाच्या आयुष्यात हा शब्द पहिल्यांदा मोठा होऊन आला तो १९१९ साली. लायोनेल नावाचा मुलगा फ्रान्सच्या लढाईवरून परत आला आणि त्यानं चिठ्ठीत एवढंच लिहिलं, की लग्न ऑफ. हिल्डा तेव्हा वीस वर्षांची. आठ दिवस ती आईशीही बोलली नाही. पुढे वॉल्टर ड्रिंग भेटला. तो रेल्वेत गँगमन होता, रूळ तपासत दिवसाला आठ मैल चालायचा आणि त्या शब्दावर त्याचा भारी जीव होता.

"बघ हिल्डे," चहा पिताना तो म्हणायचा, "घड्याळाचा गजर ऑफ गेला की वाजतो. दिवा ऑफ केला की विझतो. आमच्याकडे सिग्नल ऑन असला की गाडीनं थांबायचं आणि ऑफ असला की खुशाल जायचं. देवानं हा शब्द केला तेव्हा त्याला चढलेली होती."

"देवाला मध्ये आणू नकोस. दूध कसं लागतंय ते सांग."

"ऑफ," वॉल्टर तोंड वाकडं करून म्हणायचा आणि दोघं हसायची. दूध बरं असलं तरी म्हणायचा.

१९४४ च्या मार्चमध्ये एका सकाळी "चला, मी ऑफ," म्हणून तो डबा घेऊन निघाला आणि दुपारी चौघांनी त्याला फळीवर घालून आणला. रुळाशी वाकला होता तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं. रेल्वेनं विधवेला फाटकाची नोकरी दिली. फाटकाला लागून दोन खोल्यांचं विटांचं घर होतं, मागे डुकराचं खुराडं आणि वॉल्टरनं लावलेली आंबट फळांची चार झुडपं. फाटक आहे तोवर घर आहे असा करार. हिल्डाला मूलबाळ नव्हतं, भाऊ कॅनडात. त्या घराबाहेर तिचं म्हणून काही नव्हतं.

पन्नाशी उलटली आणि तिचा डावा कान जायला लागला. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. रेल्वेला बहिरी फाटकवाली चालत नाही, हे कळायला कुणी कायदा वाचून दाखवायला नको. ओळखलं ते एकट्या आयव्हीनं. आयव्ही कपलडिच ही तिची मैत्रीण. नवरा अर्नी, त्यांची फाटकापलीकडे तीस एकर जमीन. आयव्ही शेतावर जाणाऱ्या बायकांची पुढारीण होती, आवाज असा की अर्ध्या मैलावरचे कावळे उडावेत. पण हिल्डाशी बोलताना ती हळू बोलायची, आणि नेहमी तिच्या उजव्या बाजूला उभी राहायची. का, ते ती कधी बोलली नाही. हिल्डाला त्याचं फार वाटायचं.

१९५२ चा नोव्हेंबर आला. बीटाच्या हंगामात साखर कारखान्याच्या मालगाड्या वेळापत्रकाबाहेर धावायच्या. आज आहे, उद्या नाही. धुकं पडलं की हमखास रद्द. एरवी गाडी वेनबी स्टेशनातून निघाली की हिल्डाच्या घरातली घंटा वाजायची, पण त्या आठवड्यात ओलीनं घंटा बिघडली होती आणि दुरुस्तीवाला "उद्या येतो, उद्या येतो" करत होता. तोवर सगळी भिस्त फोनवर. फोनच्या दुसऱ्या टोकाला वेनबी स्टेशनच्या केबिनमध्ये सिग्नलचे दांडे ओढणारा सिरिल मॉर. माणूस कामाला चोख, पण तोंडानं तिखट.

सोमवारी तिनं त्याला एकच गोष्ट दोनदा विचारली.

"तुला ऐकू येतं का नाही गं?" सिरिल ओरडला. "हे तिसऱ्यांदा होतंय. मला इथं दहा दांडे ओढायचेत, तुझ्या कानात तुतारी फुंकत बसू? इन्स्पेक्टरसाहेबांना सांगतो, बाईचे कान तपासून घ्या म्हणून."

"खरखर होती लाइनीत," हिल्डा म्हणाली.

"खरखर तुझ्या डोक्यात आहे," म्हणून त्यानं फोन आपटला. त्या रात्री तिला झोप लागली नाही. कान तपासले तर घर गेलं, हे एकच डोक्यात फिरत राहिलं.

गुरुवारी सकाळी साडेसातला धुकं असं होतं, की दारातून रुळांपलीकडचा दरवाजाही दिसेना. गावाकडून ट्रॅक्टरची घरघर आली आणि तिच्या दाराशी थांबली. अर्नी ट्रॅक्टरवर, मागच्या ट्रेलरवर बीट उपटायला निघालेल्या सात बायका, पोत्यांची टापरं डोक्यावर घेतलेल्या. आयव्ही सगळ्यात मागे पाय सोडून बसलेली, शेजारी तिची धाकटी बहीण मेव्हिस.

"हिल्डे, उघड की गं!" आयव्हीचा तो कावळे उडवणारा आवाज. "बुडं गोठली आमची!"

"थांब, विचारते."

"विचार, विचार. तोवर आम्ही इथंच अंडी घालतो."

बायका खिदळल्या. हिल्डा आत गेली. दार उघडंच होतं, आत दिवा जळत होता. तिनं फोन उजव्या कानाला लावला.

"सिरिल, ती बीटाची गाडी ऑफ आहे का?" म्हणजे, एवढ्या धुक्यात रद्द केली का.

"हो, ऑफ आहे," सिरिल म्हणाला. म्हणजे, सिग्नल दिला, निघाली. आणि त्यानं फोन ठेवला.

हिल्डानं फोन ठेवला आणि ती जागच्या जागी थांबली. कुठला ऑफ? हा प्रश्न तिला पडला. अगदी स्पष्ट पडला. वॉल्टरचं चहाच्या कपावरचं हसू डोळ्यांपुढे आलं. तिचा हात पुन्हा फोनकडे गेला. मग तिला सोमवार आठवला, इन्स्पेक्टर आठवला, आणि हात मागे आला. रद्दच असणार, एवढ्या धुक्यात कोण गाडी सोडतो, असं तिनं स्वतःला सांगितलं. बाहेर येऊन तिनं कडी काढली आणि दोन्ही दरवाजे ढकलले.

ट्रॅक्टर पार झाला. ट्रेलरची पुढची चाकं पार झाली. उजव्या कानानं हिल्डाला गाडीचा आवाज ऐकू आला तेव्हा इंजिन तीस हातांवर होतं. बायकांनी उड्या टाकल्या, मेव्हिसनंही. एकीचा पाय मोडला, एकीचे दात गेले. मागे बसलेली आयव्ही मात्र ट्रेलरच्या तुकड्यांबरोबर साठ यार्ड पुढे गेली. अर्नी ट्रॅक्टरवरून उतरला आणि "आयव्ही, आयव्ही" अशा हाका मारत धुक्यात धावत सुटला. त्या हाका ऐकत हिल्डा फाटकाला धरून उभी होती. डावा कान गेला तसा उजवाही त्याच क्षणी जायला हवा होता, असं तिला पुढे कितीदातरी वाटलं.

चौकशी शाळेतल्या मोठ्या वर्गात झाली. आदल्या दिवशी युनियनचा माणूस हिल्डाकडे येऊन गेला. त्यानं टोपीही काढली नाही.

"मिसेस ड्रिंग, तुम्ही ऑफ म्हणजे रद्द समजलात. बरोबर?"

"बरोबर, पण..."

"पण नाही. पण काढलंत की नोकरी गेली, घर गेलं, आणि सिरिलची बायको अंथरुणावर, त्याचीही गेली. जे विचारतील तेवढंच सांगा. शब्दच तसा आहे. त्याला कोण काय करणार?"

अशा मृत्यूंची चौकशी करणारे कॉरोनर वयस्क गृहस्थ होते, सर्दी झालेले. आधी सिरिल उभा राहिला. चोवीस वर्षांच्या नोकरीत आपण गाडी निघाली की ऑफच म्हणत आलो, असं त्यानं सांगितलं. मग हिल्डा उभी राहिली. फाटकावरच्या आठ वर्षांत गाडी रद्द झाली की आपणही ऑफच ऐकत आलो, असं तिनं सांगितलं. दोघंही खरं बोलत होती. कारकुनानं दोघांच्या तोंडचा शब्द लिहून घेतला, तो कागदावर एकसारखाच दिसला.

"त्या वेळी तुमच्या मनात काही शंका आली होती का?" कॉरोनरांनी विचारलं.

समोरच्या बाकावर अर्नी बसला होता, लग्नातला काळा कोट घालून. त्याच्या शेजारी मेव्हिस. दोघंही हिल्डाकडे बघत होती. तिनं नजर खाली घातली.

"नाही, साहेब."

निकाल अपघाती मृत्यू असा लागला. दोष कुणा माणसाचा नसून भाषेचा आहे, असं कॉरोनर म्हणाले, आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. पुढच्या महिन्यात रेल्वेनं फर्मान काढलं, की फोनवर 'निघाली' किंवा 'रद्द' एवढंच बोलायचं. निकालाच्या दिवशी बाहेर पायऱ्यांवर एकजण दुसऱ्याला म्हणाला, "दोघंही सुटली म्हणायची." त्यांच्या बोलीत सुटण्यालाही तोच शब्द. हिल्डानं तो ऐकला.

भाषेचा दोष! मला या गोष्टीचा राग येतो तो इथं. शब्द काही फाटकाची कडी काढत नाही. कडी हातानं काढली जाते, आणि हात कुणाचा होता हे त्या बाईला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. तिला कुणीतरी धरून हलवायला हवं होतं. त्याऐवजी शेजारणी मनुका घातलेला पाव घेऊन आल्या आणि "तुझी काय चूक गं, मेला शब्दच घातकी," म्हणत तिच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. तो पाव तिनं डुकराला घातला.

सिरिल वर्षभरात बदली मागून गेला. हिल्डा राहिली. कान कुणी तपासले नाहीत. घंटा दुरुस्त झाली, ती तिच्या उजव्या कानाला ऐकू येई. रोज सकाळी अर्नी ट्रॅक्टर घेऊन फाटकाशी यायचा, कारण त्याच्या शेताला दुसरा रस्ता नव्हता. ती फाटक उघडायची. तो रूळ ओलांडण्याआधी तिच्यासमोर ट्रॅक्टर थांबवायचा.

"बरी आहेस ना, हिल्डा?"

"बरी आहे, अर्नी."

मग तो अंमळ तसाच बसून राहायचा, इंजिन चालू ठेवून, तिच्याकडे बघत. त्यानंतर मान हलवून पुढे जायचा. दर ऑक्टोबरात एक पोतं बटाटे तिच्या दाराशी उतरवायचा, आयव्ही असताना उतरवायचा तसंच. केवढा मोठ्या मनाचा माणूस, असं गाव म्हणायचं. हिल्डालाही तसंच वाटायचं आणि त्या मोठेपणाखाली ती रोज थोडी थोडी चिरडली जायची. सांगावं असं तिला रोज वाटे. ओठांवर येई. मग तिला मागच्या दोन खोल्यांची ऊब आठवे, वॉल्टरची झुडपं आठवत, आणि ती "बरी आहे, अर्नी," म्हणे. बटाटे मात्र ती टाकून देऊ शकली नाही. ते तिनं वर्षानुवर्षं उकडून, सोलून, मीठ लावून एकटीनं खाल्ले.

१९६३ साली ती लाइन तोट्यात म्हणून बंद करायचं ठरलं. ऑक्टोबरातल्या एका रविवारी शेवटची गाडी गेली. पोरंसोरं हात हलवायला जमली होती. हिल्डाला पत्र आलं, की शनिवारपर्यंत घर रिकामं करावं. गावातल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात तिला एक खोली मिळणार होती. सोमवारी सकाळी माणसं आली आणि खांबावरून फोनची तार कापून घेऊन गेली.

ती गेल्यावर थोड्या वेळानं अर्नी आला. ट्रॅक्टरमागे बटाट्यांसाठी रिकामी पोती घातलेला ट्रेलर. फाटक सवयीनं बंदच होतं. त्यानं तिच्या दाराशी बांधून ठेवलेल्या खोक्यांकडे पाहिलं.

"म्हणजे आता तूही ऑफ," तो म्हणाला.

अकरा वर्षांत त्यानं तिच्यासमोर तो शब्द उच्चारला नव्हता. हिल्डा खेकसली नाही.

"अर्नी, इंजिन बंद कर."

त्यानं बंद केलं. एकाएकी इतकं शांत झालं, की दूरवरच्या पाणकोंबड्या ऐकू आल्या.

"मला शंका आली होती," हिल्डा म्हणाली. "त्या दिवशी. सिरिलनं फोन ठेवल्याबरोबर आली होती. कुठला ऑफ, असं मनात आलं. पुन्हा फोन करायला हात पुढे केला होता मी. नाही केला. दोनदा विचारलं तर तो मला बहिरी ठरवील आणि घर जाईल, म्हणून नाही केला. आणि तिथं शाळेत खोटं बोलले. शब्दाचं काही नव्हतं त्यात. माझंच होतं."

अर्नीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मेव्हिसनं पाहिलं होतं," तो म्हणाला. "दार उघडं होतं तुझं. हात गेला नि मागे आला. त्याच संध्याकाळी तिनं सांगितलं मला."

"चौकशीच्या आधी?"

"आधी."

"मग बोलला का नाहीस? मेव्हिस का नाही बोलली?"

"मी गप्प बसवलं तिला. ट्रॅक्टर मीच चालवत होतो, हिल्डा. खाली उतरून, कान देऊन ऐकायला मला कुणी अडवलं होतं? तुझ्याकडे बोट दाखवून मला सुटायचं नव्हतं. म्हटलं, ती आयव्हीची मैत्रीण आहे, ती आपणहून सांगेल. आज नाही तर उद्या." त्यानं टोपीची कड चिमटीत धरून फिरवली. "रोज थांबून विचारलं तुला. चार हजार सकाळी तरी झाल्या असतील."

हिल्डाला त्या सगळ्या सकाळी आठवल्या. चालू इंजिन, तिच्यावर रोखलेले डोळे, आणि आपण ज्याला मोठेपणा समजत होतो ते वाट पाहणं.

"आज सांगितलं ना मी," ती कशीबशी म्हणाली.

"आज सांगितलंस," अर्नी म्हणाला. "आज घर गेलंय."

ती रडली असती तर बरं झालं असतं, पण रडू आलं नाही. अर्नीनं टोपी डोक्यावर घातली आणि रुळांच्या पलीकडे आपल्या शेताकडे पाहिलं.

"मला जायचंय पलीकडे," तो म्हणाला.

तिनं कडीला हात घातला.

"आधी विचार."

"फोन तोडला रे त्यांनी. आत्ताच तोडला."

"आधी विचार, हिल्डा."

ती आत गेली. दार तिनं उघडंच ठेवलं. भिंतीवरचा फोन उचलून तिनं उजव्या कानाला लावला. तिथं काहीच नव्हतं, खरखरसुद्धा नाही. आपण बोलायचं काय हे तिला कळेना. तरी ती हळूच म्हणाली, "गाडी निघाली का रद्द आहे?" आणि थोडा वेळ थांबली. मग बाहेर आली.

"गाडी येत नाही," ती म्हणाली.

"नक्की?"

ती परत आत गेली. तिनं दुसऱ्यांदा फोन उचलला, पुन्हा तेच विचारलं, पुन्हा थांबली.

"नक्की," तिनं बाहेर येऊन सांगितलं.

अर्नीनं इंजिन चालू केलं. तिनं दोन्ही दरवाजे ढकलले. ट्रॅक्टर पार झाला, ट्रेलरची पुढची चाकं पार झाली, मागची चाकंही पार झाली, तोवर ती दोन्ही बाजूंनी रुळांकडे बघत उभी होती. मग तिनं फाटक लावून घेतलं.